सकाळी अडणारा सर्व्हर

आमच्या लासलगावच्या कांद्याच्या शेडात दोन गोष्टी कितीही झाडा, संपत नाहीत. एक टरफलं आणि दुसरे किस्से. टरफलं बायका झाडतात. किस्से माझ्याकडं, गेटवर साठतात. मी इथं बारा वर्षं वॉचमन, शिक्षण तिसरी. तरी निम्मे किस्से त्या सर्व्हरचेच!

सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या कपाटात ठेवलेला काळा डबा. वजनाची चिठ्ठी, गेटपास, सगळं त्याच्यातून निघतं. तो बसला की ट्रक बसले. त्याला सांभाळते रेखा, सटाण्याची पोर. रोज गेटवर तिच्या अहिराणीत विचारते, "काय शे आबा?" म्हणजे काय आहे. मी म्हणतो, "म्हातारपण शे!"

* * *

बाकी जगात सर्व्हर कधी बंद करत नाहीत म्हणे. आमच्या शेठचा नियम वेगळा. संध्याकाळी ऑफिस बंद करताना देवाचा दिवा सोडून सगळी बटणं बंद.

रेखा म्हणाली, "शेठ, हा बंद करायचा नसतो."

"का? याला काय रात्री कांदे निवडायचेत?"

झालं! रोज बंद, रोज चालू.

* * *

दुसरा नियम, ऑफिसच्या सॉकेटात कुणी मोबाईल लावायचा नाही. शेठ स्वतः फिरून बघतात.

दिवाळीत जावयानं मला नवा बटणाचा फोन दिला, आत गाण्यांचं कार्ड घालून. रिंगला कोंबडा लावला, दुसरं काही मला ऐकूच येत नाही. फोन करणारी एकच, घरची म्हातारी. माझ्या गेटवरच्या केबिनात लाईट टिकत नाही. म्हणून रेखानं ऑफिस आणि कपाट उघडलं की मी गुपचूप फोनची वायर सर्व्हरच्या मागच्या भोकात खुपसायचो आणि अकराच्या चहाला काढायचो.

ते सॉकेट नव्हे. नियम मोडला नाही!

* * *

दिवाळीनंतर सर्व्हर अडायला लागला. बटण दाबलं की स्क्रीनची पाटी काळी, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते, पुढं काही नाही. रेखा दहादा बंद करायची, दहादा चालू. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवायचे. अकराच्या चहाला मात्र हमखास सुटायचा.

शेठ म्हणाले, "याला पण चहा लागतो वाटतं!"

* * *

हमालांचा मुकादम सखाराम एकदा आत डोकावला. "ताई, ट्रॅक्टर असा अडला तर आम्ही ढकलून चालू करतो."

"ढकला की सखारामभाऊ. पण चाकं तुम्हीच बसवा!"

* * *

पुण्याहून इंजिनियर आला तो नेमका गुरुवारी, माझ्या सुट्टीला. सर्व्हर तीनदा बंद केला, तीनदा चालू झाला. शहाणा म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. चालवणाऱ्याचा हात चुकतोय."

शेठनी रेखाला सांगितलं, "सोमवारी यांना परत बोलावलंय. यांच्या हातानं चालू झाला, तर तू दुसरी नोकरी बघ."

पोर गेटवर आली. काय शे पण विचारलं नाही. माझं टाळकं सरकलं. तडक शेठकडं गेलो.

"शेठ, पोरीचा हात चुकत नाय. तुमचा डबाच बेइमान हाय!"

"आबा, तुम्ही गेट बघा."

"गेट बघतोच. त्याला चालू व्हायला इंजिनियर लागत नाय!"

* * *

सोमवारी बाहेर आठ ट्रक भरून उभे. ऑफिसात शेठ, इंजिनियर, रेखा. मी दारात.

इंजिनियरनं बटण दाबलं. रेघ लुकलुकली. परत दाबलं. तीच रेघ.

शेठ म्हणाले, "आता तुमचाही हात चुकतोय का?"

तो घाम पुसत म्हणाला, "गुरुवारी चालत होतं. नंतर हिनंच काहीतरी बिघडवलंय."

शेठनी बाहेरचे ट्रक बघितले. मग म्हणाले, "रेखा, कपाटाच्या चाव्या ठेव टेबलावर."

तिनं ठेवल्या.

तेवढ्यात सर्व्हरच्या मागून कोंबडा आरवला.

कुणी हललं नाही. परत आरवला.

इंजिनियर म्हणाला, "इथं कोंबड्या पाळल्यात?"

रेखा वाकली. मागून वायर ओढली. वायरीला लोंबकळत माझा फोन बाहेर आला आणि पाटीवर पांढरी अक्षरं भराभरा पळायला लागली. इंजिनियर पुटपुटला, "म्हणजे हा स्वतःचं सोडून फोनच्या कार्डातून चालू व्हायला बघत होता!"

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

रेखानं हिरवं बटण दाबून फोन कानाला लावला.

"हां आजी... आबा ना? इथंच आहेत. नाही, नाही, बरे आहेत." बोलता बोलता तिनं टेबलावरच्या चाव्या उचलल्या. "आमचा सर्व्हर अडला होता ना, तो आत्ता आबांनीच चालू करून दिला!"