सरकणारं शिखर

टक्करसर रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, पण त्यांच्या एकाही शर्टाला ॲसिडचं भोक नव्हतं. जव्हारच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत प्रत्येकाच्या कपड्यांवर या विषयाची सही असायची. सर मात्र रोज लग्नाला निघाल्यासारखे पांढरेशुभ्र. ते सैद्धांतिक रसायनवाले, म्हणजे प्रयोग नाही, नुसतं गणित. इलेक्ट्रॉन किंवा प्रकाशाचा कण एखाद्या रेणूवर आदळला तर पुढं काय होतं, ते कॉम्प्युटरवर हिशोब करून काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. स्टँडवरच्या चहावाल्यानं "काय चाललंय सर?" असं सहज विचारलं तरी ते खरं उत्तर देत, "टक्कर चालू आहे." त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

सर मोखाड्याकडच्या एका शेतकरी घरातले. मुंबईला शिकले आणि मोठ्या प्रयोगशाळा पाहूनही परत इथंच आले. प्रयोग का करत नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "या टकरीच्या प्रयोगाला आधी निर्वात पोकळी लागते. आपल्याकडे नळाला पाणी टिकत नाही, पोकळी कुठून टिकणार?" हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. इथं राहून जे करता येईल ते त्यांनी निवडलं होतं, एवढंच.

सकाळी आल्याआल्या नमस्कार वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, "काल काय चुकलं?" मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागले तेव्हा पहिल्या दिवशी या प्रश्नानं माझी पाचावर धारण बसली. काहीच चुकलं नाही म्हटलं तर म्हणाले, "मग काल काही केलंच नसशील." चूक सांगितली की मात्र माणूस खूश व्हायचा. खुर्ची ओढून बसायचा आणि चहा मागवायचा. माझ्याइतका फुकटचा चहा त्या विभागात कुणी प्यायला नसेल.

समजावून सांगायची त्यांची तऱ्हा घरगुती होती. "इलेक्ट्रॉन येतो आणि बहुतेक वेळा बाजूनं निघून जातो. पण ठरावीक ऊर्जेचा असला तर पाव्हण्यासारखा रेणूच्या ओट्यावर टेकतो. किती क्षणभर टेकतो ते विचारू नको, पण टेकतो. मग उठून जातो. तो टेकला की आलेखात शिखर दिसतं." प्रकाशकणाच्या टकरीला ते अर्धी टक्कर म्हणत, कारण त्यात इलेक्ट्रॉन बाहेरून येत नाही, रेणूच्या घरातूनच उठून बाहेर पडतो. "येणं नाही, नुसतं जाणं. आपल्या पाड्यांवरून दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात तसं," असं एकदा बोलून गेले. मग फळा पुसायला लागले.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न जव्हारच्या बाजारात त्यांना भाजीवालीपासून आदिवासी प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांपर्यंत सगळे विचारत. ते कधी चिडले नाहीत. सांगत, "कॅन्सरवर किरणं देतात ना, तेव्हा शरीरात बारीक इलेक्ट्रॉन सुटतात. ते पेशीतल्या रेणूंवर कसे आदळतात ते कळलं, तर कुठं इजा होते ते कळेल. माझ्या हिशोबानं कुणी बरं होणार नाही. पण जो औषध करील त्याला हा आकडा लागेल." भाजीवाली म्हणाली, "मंग आकडा नीट काढा." सरांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढं कित्येक दिवस ते आम्हाला तेच ऐकवत होते.

आमचं मशीन प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत होतं. एकेक हिशोब दिवसचे दिवस चाले आणि पावसाळ्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर होता, पण तो सरांच्या भाषेत "चहा होईपर्यंतचा सोबती." हिशोब संपला तरी सर जेवल्याशिवाय उत्तर पाहत नसत. "उपाशी माणसाला हवं तेच दिसतं," असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हे चोचले वाटायचे.

माझ्या वाट्याला साखरेच्या कुळातला एक रेणू आला होता. सरांनी पूर्वी केलेल्या पाणी, अमोनिया असल्या रेणूंपेक्षा बराच मोठा. त्यात एक देखणं शिखर सापडलं. आधी कुणी दाखवलेलं नव्हतं. माझं नाव पुढं आणि सरांचं मागं असा शोधनिबंध आम्ही पाठवला, तो परदेशातल्या नियतकालिकानं स्वीकारला. माझा सगळा प्रबंध त्या शिखरावर उभा होता. त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात कायम जागा निघाली. निबंध छापून आला की प्रबंध जाणार, प्रबंध गेला की मुलाखतीत माझं पारडं जड. आमच्याकडे कायम जागा निघणं म्हणजे काय, हे तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसालाच विचारावं. सूर्यमाळला माझ्या बानं, म्हणजे वडिलांनी, पाड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी आता कायमची मास्तरीण होणार.

एका सकाळी सर आले आणि "काल काय चुकलं?" असं विचारलंच नाही. म्हणाले, "मंजुळा, कुंपण लहान होतं."

कुंपण हा आमच्या कामातला शब्द. हिशोब करताना रेणूभोवती मनानं एक गोल आखायचा. गोलाच्या आत बारकाईनं गणित, बाहेर ढोबळ. रेणू मोठा आणि गोल लहान असेल तर रेणूचा पदर गोलाबाहेर राहतो आणि आलेखात नसलेली शिखरं उगवतात. या धंद्यात सगळेच एक आळस करतात. जुनी फाइल उघडायची, अणूंच्या जागा बदलायच्या आणि नव्या नावानं साठवायची. सरांनी मला दिलेली फाइल त्यांच्या पाण्याच्या रेणूची होती. गोलाचा आकार पाण्याचाच राहून गेला होता. तो आकडा बदलणं त्यांचं काम होतं. वर्गात दाखवायला म्हणून त्या आठवड्यात त्यांनी जाडाभरडा हिशोब लावून गोल वाढवून पाहिला, तर शिखर सरकलं. आणखी वाढवला, तर दिसेना. "खरं शिखर कुंपण हलवल्यानं सरकत नाही," ते म्हणाले. "निबंध मागं घ्यावा लागेल."

मी भांडले. मुलाखत होऊ द्या, मग दुरुस्ती कळवा, असंही म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "उद्या कुणी हा आकडा उचलून पुढं नेला तर?" मी म्हटलं, "आणि माझं काय?" मी रडत उठले आणि घरी निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी भर उन्हाचे सर आमच्या पाड्यावर हजर झाले. स्कूटर खाली रस्त्याला लावून चढ चढून आले होते. तो पांढरा शर्ट पहिल्यांदाच मळलेला पाहिला. आई विहिरीवर नंबर लावून बसली होती. बानं तांब्या पुढं केला. सरांनी वरून दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी जपून परत दिलं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यानं असंच प्यायचं असतं. मग ते गावच्या बोलीत बोलायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ती मी ऐकली नव्हती.

"दादा, चूक माजी हाय. पोरीनं सगला बराबर केला. मीच आकडा चुकवला. आता तिचा काम लांबंल."

"आन ती जागा?" बानं विचारलं.

"ती जाईल."

"चुकला तुमचा, आन भरायचा माजे पोरीनं?"

"व्हय. तसाच होतंय."

बा उठून आत गेला. तो बाहेर येईल म्हणून सर ओट्यावर बसून राहिले. तो आलाच नाही, तेव्हा मला म्हणाले, "तुझी सही असल्याशिवाय मी निबंध मागं घेणार नाही. तू नाही म्हणालीस तरी तुला दोष देणार नाही." आणि चढ उतरून गेले. मी चार दिवस आईबरोबर विहिरीवर नंबर लावला. पाचव्या दिवशी जव्हारची एसटी पकडली आणि सही केली. राग गेला म्हणून नव्हे. ते शिखर नाही हे आता मलाही दिसत होतं, आणि एकदा दिसलेलं मला पुसता येईना.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मोठ्या कुंपणाच्या बारीक हिशोबाला आमचं मशीन पुरेना. सरांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून बाहेरच्या मोठ्या मशीनवर वेळ मिळवला. उत्तर आलं ती साधी उतरती रेघ, कुठं उंचवटा नाही. त्या रेघेचा निबंध उशिरा छापून आला, डॉक्टरेट त्याहून उशिरा. मी तेव्हाही तासिका तत्त्वावर होते आणि आजही आहे. कायमची जागा नंतर कधी निघालीच नाही. सर निवृत्त होताना मी त्यांना स्पष्टच विचारलं, "सर, त्या निर्णयानं माझं भलं झालं का?" दुसरं कुणी असतं तर तत्त्वज्ञान सांगितलं असतं. ते म्हणाले, "नाही. तुझं नुकसानच झालं. मला ते रोज आठवतं." त्यांच्यावर माझा फार जीव होता, आणि त्या उत्तरानंतर तो कमी झाला नाही, हे सरळच सांगते.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी निघाले तर बा म्हणाला, "मी येतंय." सर पाड्यावर आले त्या दुपारनंतर त्यानं त्यांचं नाव कधी काढलं नव्हतं, म्हणून मी धास्तावलेच. सभेत प्राचार्य बोलले, जुने विद्यार्थी बोलले, सरांच्या निबंधांची यादी वाचून झाली. मला बोलायला उठणं जमेना. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बा उठला. कुणी बोलावलं नव्हतं. माईकपाशीही गेला नाही, जागेवरूनच बोलला.

"ह्या सरानं माजे पोरीचा नुकसान केला. लय मोठा. आजून भरून नाय आला." मी मान खाली घातली. "आमचा नुकसान करनारं जल्मभर भेटलं. ठेकेदार भेटलं, भट्टीवाले भेटलं. एक बी घरी येऊन सांगला नाय, का माजे हातून झाला. ह्यो एकलाच चढ चढून आला. आन मी त्याला साधा चहा बी नाय इचारला."