टोपलीत उरलेला दगड

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी सालेकशाकडच्या एका अंगणवाडीतल्या ताईंकडे जमा आहे आणि उरलेली निम्मी आपण सगळे कशीबशी वाटून घेतो, असं माझं ठाम मत आहे. मी त्या भागाची पर्यवेक्षिका. माझ्याकडे पंचवीस अंगणवाड्या, एक स्कूटी आणि एक वही. वहीत रोजच्या कामांची यादी, काम झालं की पुढे बरोबरची खूण. ताईंच्या गावाला मात्र अशी खूण करायला मला नेहमी उशीर व्हायचा, कारण त्यांच्याकडे कुठलीच गोष्ट एकदा तपासून संपत नसे.

पहिल्याच भेटीत मी आत शिरले तेव्हा त्या तोंडात काहीतरी धरून उभ्या होत्या. नमस्कारही करता येईना. शेवटी त्यांनी तोंडातून लाकडी ठोकळा काढला, पदराला पुसला आणि शांतपणे सांगितलं की लेकरं सगळं तोंडात घालतात, म्हणून नवं खेळणं आलं की आधी त्या स्वतः चावून, चोखून पाहतात. खिचडीचंही तेच. चव सगळ्याच सेविका घेतात. या चव घेऊन पायरीवर बसायच्या आणि पोटात काही होतंय का याची वाट पाहायच्या. समोर पोरं ताटल्या मांडीवर घेऊन त्यांच्याकडे टक लावून बसलेली. एकदा एका चार वर्षांच्या पोराने कंटाळून विचारलं, "ताई, आज बी नाही मेल्या का?" त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि वाढायला घेतलं. मी निघाले की जंगलातल्या रस्त्याची त्यांना धास्ती, म्हणून घरी पोचल्यावर मिस कॉल द्यायचा असा हुकूम. मी बहुतेक वेळा विसरायची.

त्यांचे दोन नियम मात्र कुणाला मोडता येत नसत. पहिला आयांसाठी: लेकराला सांगून जायचं, रडलं तरी चालेल, पण डोळा चुकवून पळायचं नाही. "पळून गेली का मंग ते दिवसभर दरवाजाकडंच पाहून राहते," असं त्या सांगायच्या. दुसरा नियम दगडांचा. प्रत्येक मुलाचा स्वतःचा, नाल्यातून वेचून आणलेला एक दगड खिडकीत असे. आलं की मुलाने तो दारातल्या टोपलीत टाकायचा; घरचं माणूस न्यायला आलं की टोपलीतून काढून परत खिडकीत. टोपली रिकामी झाल्याशिवाय ताई कुलूप लावत नसत. हजेरीपट असताना हे कशाला, असं मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, हजेरीपटात लेकरू आलं ते लिहिलेलं असतं, गेलं ते नसतं.

गेल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत वरून एक साहेब पाहणीला यायचे होते. माझ्या यादीत सतरा कामं होती आणि नववं होतं, 'दगड हलवणे'. मी ते पोत्यात भरून टोपलीसकट मागच्या पडवीत ठेवायला लावले. तेवढ्यात एक बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अंगणवाडीत येऊन आठच दिवस झालेले, आईचं लुगडं सोडेना. साहेबांची जीप येताना दिसत होती. मी त्या बाईला म्हटलं, मागच्या दाराने हळूच जा. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहणी छान झाली. एकोणीस मुलं, हजेरीपटात एकोणीस. साहेबांना पोचवायला आम्ही दोघी जीपपर्यंत गेलो आणि परत आलो तोवर मुलं गेलेली. सगळी घरी गेली, मदतनीस म्हणाली. मी वही काढून खुणा करत होते. ताई दारात उभ्याच.

"मॅडम, कोण उरलं ते मले समजून नाही राहिलं."

कुणीच उरलं नाही, मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. पडवीतून पोतं ओढलं, दगड पदरात घेतले आणि चालू पडल्या. मी स्कूटी तिथेच टाकून मागे. घरोघर जायचं, लेकरू डोळ्यांनी पाहायचं, त्याचा दगड उंबऱ्यावर ठेवायचा. अठराव्या घरापर्यंत मला हे वेडच वाटत होतं. मग पदरात एकच उरला, तांबूस, पांढऱ्या रेघेचा. त्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, आई मोहफुलं वेचायला गेली, मुलगी तर तुमच्याकडे ना?

गावाबाहेर मोहाची झाडं आणि त्यांना लागून बोडी, म्हणजे छोटं तळं, पाण्याने अर्धं भरलेलं. खरं सांगते, मी झाडांकडे पाहिलंच नाही. मी पाण्याकडे पाहत धावले. काठ कोरडा होता, पाऊल उमटलेलं दिसेना, आणि ते चांगलं की वाईट हेही मला ठरवता येईना. ताई झाडांकडे गेल्या. तिसऱ्या मोहाखाली ती मुलगी बसली होती, फ्रॉकच्या ओच्यात मूठभर फुलं, नाक वाहतंय. आई रोज या झाडाखाली येते, एवढं तिला माहीत होतं. आई त्या दिवशी नाल्यापलीकडे गेली होती, ते माहीत नव्हतं.

ताई रागावल्या नाहीत. उकिडव्या बसल्या, दगड तिच्या मुठीत दिला. मग वर न पाहता मला म्हणाल्या, "सांगून गेली असती तं रडली असती. रडू द्याचं होतं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत एकच काम होतं. टोपली मी स्वतः जागेवर ठेवली.

या वर्षी ताई निवृत्त झाल्या. नव्या सेविकेला त्यांनी कोणता दगड कोणाचा ते तीनदा सांगितलं. मग पदराची गाठ सोडून एक काळा, गुळगुळीत दगड माझ्या हातावर ठेवला. तो माझा होता. मी आले की त्या तो टोपलीत टाकायच्या आणि मिस कॉल आला की काढायच्या. मी विसरायची त्या दिवशी काय करत होता, मी विचारलं. "घरी नेत होती," त्या म्हणाल्या. "पदरात बांधून."

अशा किती संध्याकाळी गेल्या, याची माझ्या वहीत नोंद नाही. आता स्कूटी अंगणात लावली की आधी मिस कॉल देते. एकदा वाजला की ठेवायचा, उचलायचा नसतो. परवा त्यांनी उचलला. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मग म्हणाल्या, "पोचल्या ना," आणि त्यांनीच ठेवला.