ओढ्यातले रहिवासी

तो ओढा सिंगापूरच्या कुठल्या टेकडीवर आहे, ते मी लिहिणार नाही. तिथे सुपारीएवढा खेकडा राहतो. या बेटाबाहेर जगात तो कुठेच नाही, आणि पत्ता कळला की लोक दगड उलटून त्याला शोधतात.

त्या काठावर रविवारी एक काका दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. जहाजावर इंजिनियर होते, एवढंच कळलं. हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि इतकं हळू बोलतात की समोरचाही आवाज खाली आणतो.

गणपतीनंतर एक बाई निर्माल्याची पिशवी घेऊन आल्या. वाहतं पाणी मुद्दाम शोधून काढलेलं. सोबत त्यांचा नोकरदार मुलगा. मी 'ओढे वाचवा'ची पत्रकं वाटणारा. माझं भाषण तयारच होतं. पण काका पुढे झाले.

"ताई, इथे नको. फुलं कुजली की पाणी बिघडतं, खेकडे मरतात."

"खेकडे हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर ढिगाने आहेत, अंकल!" मुलगा हसला.

"ते ताटातले. हे इथले."

बाई रडवेल्या झाल्या. "बाप्पाचं निर्माल्य परत कसं नेऊ? त्याला काय सांगू?"

"सांगा, पाण्यात आधीच कुणीतरी राहत होतं. कुंडीतल्या मातीत पुरा, चालेल त्याला."

आवाज चढवल्याशिवाय ओढे वाचत नाहीत, असं मी आजही मानतो. त्या दिवशी मात्र पत्रकं हातातच राहिली.

बाई वाकून बराच वेळ पाहत होत्या. खेकडा काही दिसला नाही.

"आई, चल ना, उशीर होतोय!" मुलगा ओरडला.

"हळू बोल रे," त्या कुजबुजल्या. "घर आहे कुणाचं तरी."