किसनच्या नावापुढचा शेरा

जालन्याच्या स्टेशनवर मी यादी काढून सामान ताडून पाहत होतो. ट्रंक, वळकटी, भाकऱ्यांचं गाठोडं, मॅट्रिकचा दाखला. धावड्याहून बैलगाडी हाकत मला सोडायला आलेला माझा वर्गमित्र किसन शेजारी उभा होता. "शंकऱ्या, यादीत मला लिव्हलं का न्हाई? का इसरून चालला?" दोघंही हसलो. आगगाडी सुटल्यावर मात्र माझं हसू टिकलं नाही. किसनचं नाव मी एका यादीत लिहिलं होतं आणि त्या यादीमुळेच तो फलाटावर मागे राहिला होता.

आम्ही दोघांनी जालन्याच्या शाळेतून एकदमच मॅट्रिक केली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दर जिल्ह्यातून मोजकीच मुलं घेत. किसनचे वडील म्हाळूकाका मेंढरं राखत. एकुलत्या मुलाला दूर धाडायची त्यांची तयारी होती, पण आशा असेल तरच. गावात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. सरकारी कारभार तेव्हा उर्दूत चाले; तहसिलीच्या अर्ज्या मी लिहून द्यायचो, म्हणून काका माझ्याकडे आले.

"खरं सांग पोरा, ह्याचा लंबर लागंल का? लागणार नसंल तर उगं हेलपाटा नको. मंग ह्यो मेंढरामागंच बरा."

मी कागदावर खाने आखले. उर्दू अक्षर, उर्दू बोलणं, शिफारस, इंग्रजी, गणित. गणित शेवटी. गणितात किसन माझ्या फार पुढे होता. पण त्याचं उर्दू अक्षर म्हणजे कागदावर मुंग्या सोडल्यासारखं. आम्हाला सरकार म्हणजे भोकरदनची तहसील. तिथे वाईट अक्षरातली अर्जी मुन्शी न वाचताच परत फेकायचा. कॉलेजही तसंच चालत असणार, असं मी धरलं. माझ्या नावापुढे लिहिलं, 'आशा बरी.' किसनच्या नावापुढे, 'आशा कमी.'

काकांना वाचता येत नव्हतं, तरी कागद त्यांनी निरखून पाहिला. "तू म्हणतो म्हंजी बराबरच आसंल."

किसन म्हणाला, "जाऊ द्या बा. ह्यालाच धाडा. न्हाई तर हितं बसून समद्या गावाच्या याद्या करंल."

हैदराबादेत माझं अक्षर कोणी पाहिलंच नाही. फळ्यापुढे उभं करून गणितं घातली. घाम फुटला, पण कशीबशी सुटली. प्रवेश मिळाला. पुढे फी भरायला गेलो, तेव्हा तिथला कारकून सहज म्हणाला, "आपके जिले की एक जगह खाली रह गई. और कोई नईं था क्या उधर?"

मी म्हणालो, "नहीं."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आता मी हैदराबादेत नोकरीला आहे, पूल आणि सडकांची कामं पाहतो. घरात मराठी बोलतो, दफ्तरात उर्दू, इराण्याच्या हॉटेलात दख्खनी. आई सांगायची, "तिथं गेल्यावर आधी जेव, मंग याद्या कर." ते काही जमलं नाही. अजून रोज सकाळी यादी करतो. कधीकधी त्या जुन्या खान्यांकडे मन जातं. उर्दू अक्षर पहिलं का ठेवलं होतं मी? तहसिलीमुळे? की जागा एकच असेल, या धास्तीनं? उत्तर दर वेळी वेगळं येतं.

मागच्या उन्हाळ्यात धावड्याला गेलो. म्हाळूकाका आता नाहीत. किसन शेतात गडी लावून विहीर बांधत होता. गोल बांधकामाला दगडाच्या किती गाड्या लागतील, ते त्याने काठावर उभ्या उभ्या तोंडी सांगितलं. मी टेप लावली, पेन्सिल काढली, कागदावर हिशेब केला. एका गाडीचा फरक आला. पुन्हा पाहिलं, तर हातचा मी विसरलो होतो.

"बराबर हाय का, साहेब?" किसननं विचारलं.

तो थट्टा करत नव्हता. चारचौघांत मला मान देत होता. त्याच्या तोंडून 'शंकऱ्या' ऐकायला मी थांबलो होतो, ते लक्षात आलं. बराबर आहे, एवढंच म्हणालो. त्या रिकाम्या जागेचं तेव्हाही बोललो नाही.

गावच्या मंडळींनो, गाव सोडून शहरात आलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं हे तुम्ही आपापलं ठरवलं असेल. माझं इतकंच आहे. हे लिखाण धावड्याला जाईल आणि किसन ते वाचेल. किसन, आपल्या जिल्ह्याच्या जागा दोन होत्या. दुसरी तुझी होती, आणि मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. आता मी गावी आलो की दारात उभा राहून मला शंकऱ्या म्हण आणि तोंडाला येईल ते बोल. एवढं झालं तरच मी घरी आलो म्हणेन.