डाव्या नडगीचं दुखणं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुला सांगतेय, तेही सारखं अडखळतच.

तेव्हा मी एकेचाळीसची होते आणि दोन वर्षं एकाच जागी अडकले होते. हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत जमत नव्हती म्हणजे नव्हती. सकाळी शाळेत उभं राहून शिकवायचं, घरी स्वयंपाक, त्यात पहाटेचं पळणं – पाय शिशाचे व्हायचे. परळच्या मैदानावर आम्हा पळणाऱ्यांना शिकवणारे कांबळे सर सांगायचे, उठल्याबरोबर नाडी मोजा, वहीत लिहा. जास्त लागली तर त्या दिवशी पळू नका, किंवा गप्पा मारता येतील इतकं हळू पळा. पटायचं मला. पण चिडचिड व्हायची – आराम करून कोणाची वेळ सुधारते?

मग रेखा आली. घोडपदेवची, नर्स, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या मागे पळायला लागले आणि माझी वेळ खाली यायला लागली. तिच्या पाठीकडे बघायचं, बस्स. एकटीने तो वेग मला कधीच धरता आला नाही.

रेसला तीन आठवडे होते. ड्युटीमुळे रेखाला गुरुवारी सरावाला थांबता येणार नव्हतं. जाता जाता म्हणाली, "ताई, डाव्या नडगीत एकाच जागी दुखतंय. नाडीपण जास्त लागतेय. रविवारचं लांबचं पळणं सोडू का, सरांना विचाराल?"

सर वीस पावलांवर उभे होते. मी विचारलं नाही.

का? रविवारी मला तिची पाठ हवी होती – दुसरं काय? संध्याकाळी तिला फोन केला. "विचारलं गं. सर म्हणाले, पळ."

ती पळली. वडाळ्यापाशी, परतीच्या वाटेवर, फूटपाथवर खाली बसली ती उठलीच नाही. हाडाला तडा गेला होता.

हे एवढंच असतं तर – नाही, एवढंच नाहीये. खरं पुढेच आहे.

सर तिला बघायला घरी आले. मीही होते. सर म्हणाले, "दुखत होतं तर मला सांगायचं ना, रेखा?"

"ताईंनी विचारलं होतं की तुम्हाला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, काय सांगू तुला, जराही न अडखळता म्हटलं, "विचारलं होतं ना सर. रेखाची झोप होत नाहीये, पळू दे का, म्हणून. तुम्ही हो म्हणालात. नडगीचं ती मला बोललीच नव्हती."

सर गोंधळले. तीसेक माणसं त्यांना रोज काहीबाही विचारतात, आठवणार कसं? रेखा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती हळूच म्हणाली, "नसेन बोलले. ड्युटीच्या गडबडीत राहिलं असेल."

तिच्या आईने मला चहा दिला. मी प्यायले.

रेस मी पळले. एक तास अठ्ठावन्न मिनिटं. मेडल घेऊन तिला दाखवायलासुद्धा गेले. ती मनापासून खूश झाली – त्याचाही मला रागच आला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. रेखा आता लांब पळत नाही. रविवारी मैदानावर येते, नव्या लोकांच्या वह्या तपासते, कुठे दुखतंय का ते एकेकाला बसवून विचारते. परवा एक मुलगी दुखणं लपवत होती. रेखा तिला म्हणाली, "माझ्यासारखं करू नकोस. मी कोणाला सांगितलंच नाही, म्हणून माझं पळणं गेलं."

मी शेजारीच उभी होते. तिने सांगितलं होतं. मला, स्पष्ट शब्दांत. आणि मी सगळ्यांबरोबर पळायला निघून गेले.