बशीतली गोळी

देवपूरच्या प्रमिलाबाई लॅबमध्ये लघवी तपासत. दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंड दुखावलं की लघवीत एन्झाइम वाढतं. एकोणनव्वद साली त्यांना तेच मोजायचं होतं.

तुलनेसाठी डॉक्टरांनी गावोगावी विचारून गोळ्या न घेणाऱ्यांची यादी केली होती. पिंपळनेरच्या ताईबाई त्या यादीत होत्या, तरी त्यांचंच एन्झाइम वाढलेलं निघालं.

"तुमची तपासणी चुकली," डॉक्टर म्हणाले.

प्रमिलाबाई चिडल्या. आकडा न खोडता त्यांनी सरळ पिंपळनेरची एसटी पकडली.

ताईबाईंनी पाहुणीला चहा दिला आणि बशीत एक पांढरी गोळी ठेवली. "डोकादुखीनी गोळी शे. तुम्ही थकनात, ल्या. मी रोज चहासंगे लेस."

"औषध घेत नाही म्हणालात ना?"

"हाई काय औषध शे?"

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी ती गोळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "ताईबाईंची गोळी आजपासून बंद. आणि चुकली ती तुमची यादी."