तिसऱ्या गाण्यापुढचा रतन

चाकणच्या चौकात वाहतूक तुंबली की कंपनीच्या बसमध्ये सगळे शिव्या घालायला लागत. रतन मात्र खुलायचा. शेजारी मी असायचो. हेडफोनचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणायचा, "घ्या राव, आज आख्खी आठ गाणी होत्यात बघा." दिघीहून कंपनीपर्यंतच्या रोजच्या प्रवासात त्याच्या अल्बममधली पाच-सहा गाणीच बसायची. उरलेली उद्या ऐकू म्हटलं तर चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "सासुरवाडीला गेल्यावर खिडकीतनं माजघरात उडी मारता का? उंबऱ्यातनंच जाता ना?" असं म्हणून तो पहिलं गाणं लावायचा. ते मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

रतन मूळचा बीडकडचा. गाड्यांना लागणारा एक लोखंडी ब्रॅकेट तो पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काढायचा आणि मी तो तपासायचो. ब्रॅकेट गाडीत नेमका कुठे बसतो हे आम्हा दोघांनाही धड ठाऊक नव्हतं. "इतकी वर्सं झाली, गाडी आख्खी बनताना कवा बघितली न्हाई," तो म्हणायचा. "गाणं तरी आख्खं करावं की."

काळेवाडीत एका शिंप्याच्या दुकानामागे त्याच्या मित्राची खोली होती. भिंतींना गोधड्या टांगून तिथे त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून आठ गाणी केली. ढोलकी, कीबोर्ड आणि ठेक्याला मोबाइलवर टिपलेला प्रेसचा आवाज. आठ मिळून गोष्ट एकच. गावाकडचा पोरगा चाकणला येतो, कंत्राटावर लागतो, तिसऱ्या गाण्यात त्याला हळद लागते, सातव्यात तो प्रेसमध्ये सापडतो. आठव्यात त्याची बायको थांब्यावर उभी आहे. बस येते, माणसं उतरतात, बस निघून जाते. गाण्यात एवढंच आहे.

आमच्याच ओळीतला एक कंत्राटी पोरगा असा गेला होता. पुढच्या पाळीला प्रेस धुऊनपुसून चालू झाली आणि थोड्याच दिवसांत त्याचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. रतनला ते सोसलं नव्हतं. त्या पोराची गोष्ट माणसांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच त्याला हवं होतं. मागणं साधं होतं, पण जगाकडे तेवढा वेळ नव्हता.

कासारवाडीत गाण्यांचं चॅनेल चालवणाऱ्या एकाकडे आम्ही दोघं गेलो. त्याने पहिली दोन गाणी बोटाने पुढे ढकलली, तिसऱ्यावर मान डोलावली आणि म्हणाला, "भावा, हे हळदीचं दे. उद्या टाकतो. पब्लिक पंधरा सेकंद ऐकतं आणि तू पाऊण तास मागतोस?"

"तिसऱ्यात नाचल्याबिगर आठव्यात रडू येत न्हाई," रतन म्हणाला. "आन् आठवं ऐकायचंच न्हाई, तर तिसऱ्यात नाचून काय उपेग?"

परतताना मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, गाणं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, त्याला सात भावंडांचे खांदे कशाला? माझं हे मत आजही पुरतं बदललेलं नाही. तो हसला. "कोथिंबीर तुमी जुडीनं घेता, आन् मला काडी काडी इकायला सांगता व्हय?"

शेवटी त्याने आठही गाण्यांचा एकच लांबलचक व्हिडिओ करून स्वतःच इंटरनेटवर टाकला. तो कोणी ऐकला नाही. पण कुणीतरी त्यातलं हळदीचं गाणं तेवढं कापून घेतलं, आणि त्या लग्नसराईत ते मांडवामांडवात वाजायला लागलं. दिघीतल्या एका हळदीला आम्ही दोघं गेलो होतो. पोरं घामाघूम होऊन नाचत होती. गाणं कुणाचं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. रतन खिशात हात घालून बघत राहिला. "नाचतेत, नाचू द्या. पण ह्यांला त्या नवरदेवाचं फुडं काय झालं ते म्हाईतच न्हाई राव," एवढं बोलून तो न जेवताच निघाला. त्या दिवशी मला त्याची फार दया आली, आणि त्या पोरांचा रागही.

मग त्याच्या किडन्या गेल्या. नोकरी सुटली, डायलिसिस सुरू झालं. अंगाने निम्मा झाला तरी खोड गेली नाही. मला म्हणाला, "शेजारच्या खाटेवरचा बाबा चार तास हलू शकत न्हाई. असला श्रोता कुटं गावायचा?" बाबा पाचव्या गाण्याला झोपला. पुढच्या खेपेला रतनने त्याला पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि त्याच्या पुढच्या खेपेला ती खाट रिकामी होती. हे सांगताना तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

रतन गेला तेव्हा ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर त्याचा फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मागे ते हळदीचं गाणं, ढोलकीसकट. लोकांनी मनापासूनच लावलं होतं, म्हणून कुणाला काही बोलताही येईना. त्याची बायको सुजाता हे असले फोटो एकामागून एक बघत होती. तिने मोबाइल उपडा ठेवला आणि मला म्हणाली, "भाऊजी, पुण्यानुमोदनाला मोठा स्पीकर आणा."

त्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं, दोघंतिघं रतनबद्दल बोलले. मग सुजाता उठली. "आता त्यांची गाणी लागतील. आठ हायेत. जेवण त्याच्यानंतर." तिसऱ्या गाण्याला मांडवात जीव आला. मागच्या पोरांचे पाय हलले, कुणीतरी शिट्टी घातली आणि लगेच ओशाळला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, आणि सगळं संपलं असं समजून माणसं उठायला लागली. कुणाला सेकंड शिफ्ट गाठायची होती, कुणाची लेकरं भुकेजली होती. आचाऱ्याने पातेल्यांवरची झाकणं काढली. सुजाताने मागे वळून पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. सातवं गाणं पंगतीच्या गलक्यातच वाजलं.

आठवं लागलं तेव्हा स्पीकरपुढे आम्ही तिघं होतो. सुजाता, मी आणि रतनची आई. म्हातारी गावाहून आली होती. लेक गाणी करतो एवढंच तिला माहीत होतं, पण आजवर एकही तिने ऐकलेलं नव्हतं. पहिल्या गाण्यापासून ती पदर तोंडाला लावून, एका जागी बसून ऐकत होती. बस आली. माणसं उतरली. बस गेली. स्पीकर गप्प झाला, तरी म्हातारी त्याच्याकडेच बघत राहिली.

"संपलं का गं?" तिने सुजाताला विचारलं.

"व्हय, आत्या."

"आन् त्यो? त्यो घरी आलाच न्हाई?"